भार कुणावर?

मुरबाड-शहापूरकडे जुने घर पाडत नाहीत, उतरवतात. आधी कौले खाली येतात, मग वासे, आढे, तुळया आणि शेवटी सागाचे खांब. चार दिवसांत सारे घर अंगणात ओळीने मांडलेले दिसते. भिंतींची मात्र कुणी विचारपूस करीत नाही. करायची कशाला? कारवीचा कूड आणि वर शेणमातीचा गिलावा. छपराचा भार त्यांच्यावर कधी नव्हताच. तो खांबांवर. तेच खांब पुढे नातवाच्या घराला लागतात, आणि मागे उरते काळ्या दगडाचे जोते.

इंग्लंडात नेमके उलटे घडते. ब्रॅडफर्डची मॅनिंगहॅम गिरणी घ्या. १८७१ साली जुनी गिरणी जळाली आणि १८७३ पर्यंत ही दगडी इमारत उभी राहिली. इथे रेशीम आणि मखमल होत असे. धुराडे २४९ फूट उंच, पण घडण अशी, की इटलीतला घंटेचा मनोराच वाटावा! धुराड्याचा एवढा थाट! १८९०-९१ च्या हिवाळ्यात पगारकपातीविरुद्ध इथल्या कामगारांनी महिनोन् महिने संप केला, आणि ते हरले. १९९२ साली गिरणीच बंद पडली.

भिंती मात्र राहिल्या. अशा गिरण्यांत बाहेरची दगडी भिंत भार घेते आणि आत बिडाचे खांब मजले तोलतात. मधे यंत्रांसाठी लांबरुंद मोकळी जागा आणि उजेडासाठी उंच खिडक्या. यंत्रे गेली, आडभिंती घातल्या, की बिऱ्हाड मांडायला जागा तयार. शिवाय इमारतीला कायद्याचे संरक्षण होते, म्हणून पाडापाडीचा मोह आवरला. या शतकात तिथे सदनिका झाल्या, अर्थात बाजारभावाने.

पण गिरणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते परळ-लालबाग. तिथल्या भिंती काय कच्च्या होत्या? मुळीच नाही. कच्चा होता तो नियम. १९९१ च्या नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे वाटे ठरवले: काही मोकळ्या मैदानांना, काही सार्वजनिक घरांना, उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते ठेवले. म्हणजे इमारत पाडून जी जागा निघेल ती वाटणीबाहेर! मग भिंत राखील कोण? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती मान्य केली.

कामगारांच्या वाट्याला सोडतीतली घरे आली, तीही थोड्यांच्या. बाकीच्यांना शेलू-वांगणीची वाट दाखवण्यात आली, तेव्हा अनेकांनी विरोध केला. वांगणी आमच्या मुरबाड तालुक्याच्या शेजारची. हवा उत्तम, डोंगर जवळ. परळच्या माणसाने लोकलमध्ये दीडेक तास बसले की आलीच. बसायला जागा मिळाली तर.