गिऱ्हाइकाच्या घरातला सेट बघा, मगच सराउंड विका!



छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकायचा, भजनी मंडळांचे, ऑर्केस्ट्राचे सराउंड मिक्स करून साध्या ऑडिओ सीडीवर द्यायचे, असा विचार करताय? मग माझं मत आधीच सांगून टाकतो. जी सीडी साध्या स्टिरिओवर वाजत नाही, ती सरसकट विकू नका.

आता बघा, ऑडिओ सीडीवर जागा दोनच चॅनेलची, डावा आणि उजवा. ५.१ मध्ये चॅनेल सहा. ते दोनात बसवायचे मार्ग मुख्यतः दोन.

पहिला, डीटीएस सीडी. यात सहाही चॅनेल कॉम्प्रेस करून सीडीच्या नेहमीच्याच डेटात, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट्समध्ये भरतात. प्लेअरच्या डिजिटल आउटपुटमधून हा डेटा डीटीएस डिकोडरवाल्या रिसिव्हरला गेला की सहा चॅनेल वेगवेगळे मिळतात. आवाज झकास, यात वाद नाही. पण डिकोडर नसेल तर? नुसती मोठी खरखर! व्हॉल्यूम वर असेल तर स्पीकरलाही धोका. सीडीवरून एमपी-थ्री करून फोनमध्ये टाकली तर तिथेही खरखरच. गिऱ्हाईक एकच म्हणणार, "सीडी खराब दिलीत."

दुसरा मार्ग, मॅट्रिक्स. मधला आवाज ३ डेसिबल कमी करून दोन्ही चॅनेलमध्ये सारखा मिसळायचा. मागचा आवाजही दोन्हीकडे जातो, पण एकमेकांच्या उलट फेजमध्ये. डॉल्बी प्रो लॉजिकसारखा डिकोडर हा फरक ओळखून तो मागच्या स्पीकरला देतो. डिकोडर नसेल तर तीच सीडी स्टिरिओ म्हणून वाजते. चॅनेल डीटीएसइतके स्वच्छ वेगळे होत नाहीत, हे मान्य. पण कोणाच्याही घरी गाणं ऐकू येतं!

मोठ्यांनीही हेच केलं. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'च्या डॉल्बी स्टिरिओ प्रिंटवर दोन ऑप्टिकल ट्रॅकमध्ये चार चॅनेल होते. अशी प्रिंट जुन्या मोनो थिएटरातही चालायची. थिएटरवाल्याला लगेच खर्चात पडायची सक्ती नाही.

उलट उदाहरण १९७० च्या दशकातल्या चार स्पीकरच्या क्वाड्राफोनिक रेकॉर्डचं. सीबीएसची एसक्यू, सॅन्सुईची क्यूएस, जेव्हीसीची सीडी-४ (ही आपली सीडी नव्हे, एलपीच), तिन्ही पद्धती वेगळ्या. कोणता डिकोडर घ्यायचा हेच लोकांना कळेना. बाजार बसायचं एक मोठं कारण हेच.

मग तुम्ही काय करायचं?

एक, ऑर्डर घेतानाच विचारा, "घरी काय आहे? रिसिव्हरवर डीटीएस लिहिलंय का?" आजही सीडी मागणारं गिऱ्हाईक बऱ्याचदा जुना सेट जपून ठेवलेलं असतं.

दोन, डिलिव्हरीआधी मिक्स मोनो करून ऐका. एकाच स्पीकरवर डावा-उजवा एकत्र झाले की उलट फेजमधला मागचा आवाज गायब होतो. म्हणून मागे फक्त टाळ्या आणि हॉलचा घुमारा ठेवा. बुवांचा आवाज, पखवाज, पेटी पुढेच.

तीन, डीटीएस हवंच असेल तर मागणीप्रमाणे द्या. सोबत साध्या स्टिरिओ मिक्सची सीडी द्या आणि तिचा खर्च कोटेशनमध्येच धरा. कव्हरवर ठळक मराठीत छापा, 'डीटीएस डिकोडरशिवाय वाजवू नये.'

कोणी म्हणेल, एवढं सांभाळत बसलो तर नवीन काही करायचंच नाही का? करा की! पण नव्या टेक्निकचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी मारून नको. मंडळाने वर्गणी काढून रेकॉर्डिंग केलेलं असतं. पन्नास घरांत सीडी गेली आणि वीस घरांत खरखर आली, तर पुढच्या वर्षी ते मंडळ तुमच्या दारात उभं राहणार नाही. धंद्यात पहिली ऑर्डर टेक्निकवर मिळेलही, दुसरी मात्र विश्वासावरच मिळते.

तुम्ही कोणता मार्ग घेताय, कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!