एकटीची सही

गर्भपातावरच्या जाहीर वादात यापुढे बोलणार नाही, असं मी गेल्या वर्षी सांगून टाकलं. तेव्हापासून जवळच्या माणसांचा एकच आक्षेप ऐकते आहे: मैदान सोडलंस म्हणजे ते समोरच्याला आंदण दिलंस.

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. गप्प बसून बायकांचं भलं झाल्याचं मला तरी आठवत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांनी एक धरूनच चाललंय, की तिथे वाद चालला होता. न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा वेगळे मानले आहेत. सत्य कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत बसणं ही वितंडा. ‘पोटातला जीव मोठा की बाईचा हक्क?’ या सवालावर मी सभागृहांतून जे ऐकलं तो जल्प होता. आणि तो मीही केला.

एका तालुक्याच्या गावी एक बाई माझ्याकडे आली. पदरी दोन मुली. धाकटी अंगावर पीत होती, पाळी परत सुरूच झाली नव्हती, त्यामुळे दिवस गेल्याचं कळेपर्यंत सतरावा आठवडा लागला. एका दवाखान्यात तिला विचारलं, “दोन्ही मुलीच ना? मग सोनोग्राफी कुठे करून आलीस?” दुसरीकडे सांगितलं, नवऱ्याची सही आण. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड होतं, रेशन कार्ड होतं आणि घडी पडून विरलेली लग्नपत्रिका होती. ती पत्रिकाही कुणीतरी मागितली होती.

पंधरा दिवसांनी एका व्याख्यानमालेत समोरचे वक्ते म्हणाले, “म्हणजे भ्रूणहत्येला तुमचा पाठिंबा आहे तर!” मी ती लग्नपत्रिका सभागृहापुढे मांडली. टाळ्या पडल्या. परतीच्या एसटीत लक्षात आलं, की मी तिला विचारलंच नव्हतं. तिची फरफट मी माझ्या मुद्द्याला जुंपली होती. त्या रात्री मी ठरवलं. (आज हे लिहिण्याआधी तिला विचारलं. “नाव नको, बाकी लिहा,” म्हणाली.)

मुळात ‘जीव की हक्क’ हा सवालच उसना आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली दिलेला गर्भपाताच्या हक्काचा निकाल २०२२ मध्ये स्वतःच फिरवला, आणि तिथली भांडणाची भाषा आपण जशीच्या तशी उचलली. आपल्याकडचा रस्ता वेगळा आहे. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायकांचे जीव जातात हे पाहून १९६६ मध्ये अहवाल दिला, आणि त्यातून १९७१ चा कायदा आला. हा कायदा बाईला हक्क देत नाही. गर्भपात दंडविधानात गुन्हा होता, आजही न्याय संहितेत आहे. कायद्याने फक्त ठरलेल्या अटींत डॉक्टरला त्यातून सूट दिली. २०२१ च्या दुरुस्तीनंतरही वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं आणि पुढे चोवीसपर्यंत, तेही बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा ठरावीक स्त्रियांसाठीच, दोघांचं. तेव्हा ‘कायद्याने मोकळं रान दिलंय’ हे जितकं खोटं, तितकंच ‘आपल्याला हक्क मिळालाय’ हेही. दोन्ही बाजू दुसऱ्याच देशाचा खटला लढताहेत.

आणि भ्रूणहत्या? मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं घोर अन्यायच आहे, त्यात मी तसूभरही मागे हटणार नाही. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. ही लढाई हवीच. पण गुन्हा लिंगनिदानाचा आहे. तो पकडायचा सोनोग्राफीच्या खोलीत, यंत्र चालवणाऱ्याच्या हाताशी. आपण सगळ्याच गर्भपातांना ‘हत्या’ म्हणू लागलो, तेव्हा धाक भलत्याच ठिकाणी बसला. केमिस्ट गोळ्या ठेवायला कचरू लागले, आणि दोन मुलींची आई दारात दिसली की डॉक्टरला आधी पोलीस आठवू लागले.

गर्भाला जीव म्हणून हळहळणाऱ्या माणसाशी माझं वैर नाही. त्याच्याशी घरी, चहा घेत, दोन तास बोलायला मी आजही बसते. तिथे टाळ्या नसतात, म्हणून मतं हलतात. त्याचीही आणि माझीही.

सरकारी दवाखान्यात त्या बाईबरोबर मी कायद्याची प्रत घेऊन गेले होते. संमतीचा फॉर्म सी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, यात नवऱ्याच्या सहीची जागा दाखवा. त्यांनी कागद उलटून पाहिला. तशी जागा त्यात नाहीच. तिसऱ्या दिवशी तिची सुटका झाली. ज्या वर्षात मी एकही भाषण केलं नाही, त्या वर्षात अशा सात जणींबरोबर गेले.

तुमच्या ओळखीत नर्स असेल, आशाताई असेल, डॉक्टर असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा: अठरा पूर्ण झालेल्या, स्वतःचं बरंवाईट कळणाऱ्या बाईची एकटीची सही पुरते. लग्नपत्रिका मागू नका.