शिष्यवृत्ती मिळाली, सोबत कुणाची?

शिष्यवृत्तीवर या स्तंभात लिहिलं ते बहुतेक रकमेबद्दल, आणि ती वेळेवर हातात का पडत नाही याबद्दल. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत मात्र कुणीतरी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला.

१९८८ साली रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या दाम्पत्याने देणगी दिली. टीव्हीवर कृष्णवर्णीय तरुण दिसायचा तो बेड्या घातलेला, हे रॉबर्ट यांना सलत होतं. गणितज्ञ फ्रीमन ह्रबोव्स्की यांनी योजना आखली. पुढच्या वर्षी पहिली तुकडी आली: १९ जण, सगळे कृष्णवर्णीय मुलगे, सगळ्यांना विज्ञानात पुढे जायचं होतं.

त्याआधी बर्कली विद्यापीठात गणिताचे अभ्यासक युरी ट्राइझमन यांनी एक गोष्ट हेरली होती. कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं आळशी नव्हती. नेमाने अभ्यास करत, पण एकटी. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत, चुका काढत. नापास होण्यामागे हा एकटेपणा होता, आणि तो पैशाने मिटत नाही.

मायरहॉफ योजनेने नेमकं तिथंच बोट ठेवलं. कॉलेज सुरू होण्याआधी सहा आठवडे सगळे एकत्र राहतात, गणित आणि आफ्रिकन-अमेरिकन इतिहास शिकतात. पुढे अभ्यास गटानेच. मदत मागणं हे कच्चेपणाचं लक्षण नाही, हे पहिल्या दिवसापासून बिंबवलं जातं. पायाच्या विषयात ‘सी’ आला तर पुढे ढकलत नाहीत, तोच विषय पुन्हा घ्यायला सांगतात. मला यातली ही कडक माया सगळ्यात मोलाची वाटते. जेरोम ॲडम्स, जे पुढे देशाचे सर्जन जनरल झाले, याच योजनेतून शिकले.

१९९०पासून मुली आल्या, १९९६पासून सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना दार उघडलं. कारण मेरीलँडमधली फक्त कृष्णवर्णीयांसाठीची एक शिष्यवृत्ती न्यायालयात टिकली नव्हती. प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई करणाऱ्या, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालानंतर तर अनेक विद्यापीठं वंशाचा उल्लेख असलेल्या शिष्यवृत्त्या घाईघाईने गुंडाळू लागली. ही घाई मला बोचते. अर्जावरचा शब्द खोडला, तरी वर्गात एकटा पडलेला मुलगा तिथंच राहतो.

पेन स्टेट विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल शाखेने २०१३मध्ये हा आराखडा उचलला, तेव्हा नुसती रक्कम नाही उचलली. उन्हाळ्याचे आठवडे, गट आणि त्यांच्याकडे पाहणारी पगारी माणसं, सगळं उचललं.