नाराजीचे तीन वाटे



जाहिरातीतलं जहाज कधी नीट निरखून पाहिलंय? पांढरंशुभ्र, निळ्या पाण्यावर जराही न डुलणारं. पोहण्याच्या तलावात चारच माणसं, तीही हसणारी. जेवणाला रांग नाही, कुणाला बोट लागत नाही, आणि कुणाचे बाबा सारखं पाकीट उघडून बघत नाहीत.

अशाच एका जहाजावर जाऊन आलेल्या सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव छापू नका, असं तिनं बजावलंय. दिवाळीच्या सुट्टीत आई, बाबा, ही आणि धाकटा भाऊ मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची सफर करून आले. तिकीट सर्वांत स्वस्त. तरी त्यासाठी बाबांनी दोन वर्षं भिशी लावली होती.

आणि झालं काय? खोलीला खिडकीच नव्हती. रात्री लाटा वाढल्या आणि आई नि भाऊ दोघंही आडवे झाले. तलावातलं पाणी काढून वर जाळी टाकली होती. मुलांसाठीचे जादूचे प्रयोग रद्द झाले. गोवा पाहायला मिळाला जेमतेम पाच तास, त्यातले दोन बसमध्ये. थंड पेयाला पैसे, इंटरनेटला पैसे! परतताना टॅक्सीत ही म्हणाली, "यापेक्षा मामाकडे गेलो असतो तर बरं झालं असतं." बाबा काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून त्यांनी सफरीचे फोटो कुणालाच दाखवलेले नाहीत. 'आता मी काय करू?' असं ती विचारते.

मैत्रिणी, बाजारात कोळीण मासळीचे वाटे लावते ना, तसे आपण तुझ्या नाराजीचे वाटे लावू या.

पहिला वाटा समुद्राचा. आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. शरीर हललं की तो हलतो आणि मेंदूला खबर जाते. बिनखिडकीच्या खोलीत डोळे म्हणतात, सगळं जागच्या जागी आहे. कान म्हणतो, छे, आपण डुलतोय! या भांडणात पोट बिचारं ढवळून निघतं. म्हणून बोट लागली की उघड्या डेकवर जावं आणि दूर क्षितिजाकडे बघत राहावं. तलावाचंही तसंच. भरलेली बादली घेऊन चालताना पाणी हिंदकळतं ना? मग डुलणाऱ्या जहाजावरच्या तलावाचं काय होईल? लाटा वाढल्या की तो रिकामा करणंच शहाणपणाचं.

तुझी आजी घरीच राहिली, 'मी बोट पुष्कळ भोगली' म्हणाली, असं तू लिहिलंयस. बरोबर आहे तिचं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईचे चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं रत्नागिरी, देवगड, मालवणला जात. डेकवर सतरंजी पसरायची, आणि बोट किनाऱ्याला लागत नसे तिथे पडावात उतरायचं. आजीलाही बोट लागत असेल. पण तिला गावी पोचायचं होतं. बोटीवरच मजा येणार आहे, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं! समुद्राच्या वाट्याबद्दल कुणावरही रागावू नये.

दुसरा वाटा हिशेबाचा. जहाज भरलेलं असो की अर्धं रिकामं, ते निघतंच. इंधन आणि खलाशी यांचा खर्च काही निम्मा होत नाही. म्हणून खोली स्वस्तात द्यायची आणि माणसं आत आली की बाकीच्या गोष्टींतून कमवायचं, असा हा धंदा आहे. जहाज चांगलं रुंद असतं, त्यामुळे मधल्या खोल्यांना समुद्राकडे खिडकी काढताच येत नाही. त्याच सर्वांत स्वस्त.

आता वेळेचं गणित. मुंबई ते मुरगाव समुद्रमार्गे सुमारे २२० सागरी मैल. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, बरं का!) जहाज तासाला १५ सागरी मैल गेलं तर किती तास लागतील? जवळजवळ १५. जाऊन-येऊन ३०. मुरगाव बंदरापासून पणजी आणखी सुमारे ३० किलोमीटर. मग गोव्यासाठी उरलं काय? हे गणित सातवीतल्या मुलीला घरी बसून करता येतं. पुढच्या सफरीच्या वेळी एका कागदावर दोन रकाने पाड : 'तिकिटात काय आहे' आणि 'तिकिटात काय नाही'. ते काम तुझं.

तिसरा वाटा दिलेल्या शब्दाचा. जादूचे प्रयोग पत्रकात छापले होते. ते झाले नाहीत आणि बदल्यात काही मिळालंही नाही. इथे मात्र गप्प बसायचं नाही. आपल्याकडे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे. कबूल केलेली सेवा न देणं ही त्यात त्रुटी मानली जाते. आधी कंपनीला पत्र लिहायचं, सोबत पत्रक, तिकीट आणि पावत्यांच्या प्रती जोडायच्या. उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येतं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रारही करता येते.

झाले तीन वाटे. आता सांग, टॅक्सीत तू जे बोललीस ते यातल्या कुणाला लागलं? समुद्राला नाही, कंपनीला तर नाहीच. लागलं ते महिन्याच्या महिन्याला भिशीचे पैसे भरणाऱ्या माणसाला.

बाबांना खोटं खोटं 'मज्जा आली' म्हणू नकोस, त्यांना लगेच कळेल. एवढंच म्हण, "बाबा, मला जहाज आवडलं नाही. पण तुम्ही आम्हाला नेलंत, ते आवडलं." मग दोघं मिळून ते तक्रारीचं पत्र लिहा. तुझं अक्षर चांगलं आहे, मी पाहिलंय.

आणि हो, तुझ्या पत्रात अगदी तळाशी एक ओळ आहे. पहाटे डेकवर बाबांनी तुला दूरचं दीपगृह दाखवलं आणि दोन चमकण्यांमधले सेकंद मोजायला शिकवलं. दर दीपगृहाची लुकलुक वेगळी असते, त्यावरूनच खलाशी ते ओळखतात. हे जाहिरातीत नव्हतं आणि याचे वेगळे पैसेही पडले नाहीत. फोटो बघायला बसाल तेव्हा बाबांना याची आठवण करून दे.

बाकीच्यांनो, तुमचीही एखादी सुट्टी फसली असेलच. तिचे वाटे लावून बघा, आणि कुठला वाटा मोठा निघाला ते मला कळवा.