जागा दाखवा, मग दंड घ्या



मुंबईच्या मोटारी कुठे उभ्या राहाव्यात याच्याशी कोरडवाहू कापूस-ज्वारी पिकवणाऱ्याचा काय संबंध, असे जिल्हा मेळाव्यात कोणी विचारील. संबंध आहे. दंड बसवण्याची जी रीत राजधानीत रुजते, तीच पुढे तालुक्याच्या नगरपरिषदेत उतरते आणि बाजाराच्या दिवशी आपल्या टेम्पोला येऊन भिडते. वरच्या अंगाला बांध फुटला तर खालच्या शेतकऱ्याने स्वस्थ बसून चालत नाही.

गिरगावातली फणसवाडी घ्या. या भागात एके काळी खरोखरच वाड्या होत्या. नावे अजून झाडांची आणि पिकांची आहेत: फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट. वाड्या गेल्या आणि चाळी उठल्या. जुन्या चाळी बांधल्या गेल्या तेव्हा खोलीतल्या भाडेकरूच्या दारात गाडी येईल हे कोणाच्या मनातही नव्हते. गल्ल्यांची रुंदी माणूस, हातगाडी आणि घोडागाडी यांच्या मापाची. मुंबईत 1964 पर्यंत ट्राम होती. चाकरमान्याला स्वतःचे वाहन लागतच नव्हते.

फणसवाडीतून चालत निघाले की थोड्या वेळात काळबादेवीचा कापडबाजार लागतो. मूळजी जेठा मार्केट 1874 सालचे. आपल्या कापसाचे सौदे एके काळी याच काळबादेवीत होत आणि त्याच कापसाचे कापड गाठी बांधून याच गल्ल्यांतून हातगाडीवर फिरे. म्हणजे या गल्लीत रहिवासी राहतात, हमाल राबतो, व्यापारी माल उतरवतो, आणि देवदर्शनाला माणसे येतात ती वेगळीच. जागा तेवढीच आणि हक्क सांगणारे दहा. अशा ठिकाणी नियम लागतो याबद्दल आमचे दुमत नाही. 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली आणि अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी प्राणास मुकले. ज्या वस्तीत बंब शिरायला वाट मोकळी हवी, तिथे गल्ली अडवून गाडी लावणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही.

प्रश्न नियम असावा की नसावा हा नाही. नियमाच्या आधी काय केले, हा आहे.

जुलै 2019 मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने ठरवले की सार्वजनिक वाहनतळापासून 500 मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा गाडी उभी केली तर जबर दंड. दुचाकीला 5,000 रुपयांपासून, मोटारीला 10,000 पासून आणि अवजड वाहनाला 15,000 पासून. भरायला उशीर झाला तर अवजड वाहनाचा आकडा 23,250 पर्यंत चढायचा.

हे आकडे आपल्या मापाने मोजू. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 5,550 रुपये होता आणि संकरित ज्वारीचा 2,550. दुचाकीचा दंड म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल ज्वारी. ट्रकचा दंड म्हणजे पावणेतीन क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात पाऊस दगा देतो त्या वर्षी एकरभर कापूस वेचून हाती पडतो तो साधारण एवढाच. वर्षभराची नांगरणी, बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी एका पावतीत गेली.

यावर साहेबलोक सांगतात की दंड कडक असल्याशिवाय शिस्त लागत नाही. आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हा पहिला धडा असा होता की फवारणीआधी किडी मोजा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरच औषध काढायचे. न मोजता पंप मारणारा पैसाही घालवतो, मित्रकीटकही मारतो आणि अळी मात्र औषधाला सरावते. मग पालिकेने मोजणी केली का? फणसवाडीसारख्या गल्लीत रात्री किती गाड्या उभ्या असतात, त्यातल्या रहिवाशांच्या किती, दुकानदारांच्या किती, माल उतरवायला किती वेळ लागतो आणि पाचशे मीटरच्या आत खरोखर किती जागा रिकामी आहे? ही मोजणी आधी गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लागायला हवी. दंडाची पावती त्यानंतर.

आता जागा कोणाला मिळाली ते पाहा. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 33 (18) हे कलम घातले गेले. बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला द्यायचे आणि बदल्यात जादा चटईक्षेत्र घ्यायचे. परिणाम असा की वाहनतळ कुठे व्हावे हे गर्दीने ठरवले नाही, ते बिल्डरच्या भूखंडाने ठरवले. टॉवर जिथे उठतो तिथे वाहनतळ. जुन्या भाडेकरूंच्या चाळी दाटीने उभ्या आहेत तिथे टॉवर नाही, म्हणून वाहनतळही नाही. 2021 साली भुलाभाई देसाई मार्गावर 21 मजल्यांचे यांत्रिक वाहनतळ सुरू झाले. 240 मोटारी त्यात राहतात. चांगली गोष्ट आहे. पण मूळजी जेठाच्या हमालाची हातगाडी त्यात चढत नाही.

दुसरी गोम अधिकाराची. रस्ता पालिकेचा, वाहनतळ पालिकेचे, पट्टे मारणे पालिकेचे. चलन फाडणे मात्र वाहतूक पोलिसांचे, आणि पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. गाडी उचलून नेणारा बहुधा ठेकेदार. तक्रार घेऊन गेलात की प्रत्येकजण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. मार्च 2022 मध्ये महानगरपालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच नव्हती. कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्याला जाब विचारावा तो नगरसेवकही त्या काळात नव्हता. दंड घ्यायला तीन हात आणि जबाबदारी घ्यायला एकही नाही, अशी ही व्यवस्था.

जगात यापेक्षा शहाणपणाने झालेले आहे. जपानने 1962 सालीच कायदा केला की मोटार घ्यायची तर ती ठेवायला जागा असल्याचा दाखला आधी आणा. महाराष्ट्रातही 2025 मध्ये परिवहन मंत्र्यांनी तसा विचार बोलून दाखवला. पण जपानच्या कायद्यातला भार मोटार विकत घेणाऱ्यावर पडतो, हमालावर किंवा माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यावर पडत नाही, हे विसरू नये. अमेरिकेतल्या पॅसाडेना गावाने 1993 साली जुन्या बाजारपेठेत गाडी लावण्याचे मीटर बसवले. दुकानदार आधी चिडले. मग गावाने सांगितले की मीटरचा पैसा याच रस्त्यांवर खर्च होईल. फूटपाथ, दिवे, झाडलोट सुधारली आणि चिडलेले दुकानदारच मीटरच्या बाजूचे झाले. पैसा जिथून उचलला तिथेच दिसू लागला की माणूस तक्रार करीत नाही. आपणही पाणलोटाच्या कामात हेच म्हणतो: ज्या शिवारात पाऊस पडला त्याच शिवारात तो आधी मुरवा.

आता आपल्या गावाकडे या. नगरपरिषद आठवडी बाजारात वसुली करते, जिनिंगच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की पोलीस चलन फाडतात, आणि कापसाची गाडी रात्रभर उभी करायला एक सपाट मैदान कोणी देत नाही. मुंबईचा दंड इथे यायच्या आत आपण तयार राहू. माहितीचा अधिकार 2005 पासून हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या नगरपरिषदेला पुढचे पाच प्रश्न लेखी विचारावेत, ही आमची सूचना आहे:

1. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि टेम्पो उभे करायला नेमकी किती जागा राखली आहे?
2. गाडी उभी करण्यास मनाई असलेल्या प्रत्येक रस्त्यावर मराठीत, वाचता येईल अशी पाटी आहे काय?
3. वसुलीचा ठेका कोणाला, किती रुपयांना आणि कोणत्या दराने दिला?
4. गेल्या तीन वर्षांत या खात्यावर किती पैसा जमला आणि त्यातला बाजाराच्या जागेवर किती खर्च झाला?
5. चुकीचा दंड झाला तर तक्रार ऐकणारा अधिकारी कोण, आणि तो किती दिवसांत निकाल देतो?

उत्तरे जिल्हा मेळाव्यात वाचून दाखवू. उत्तर आले नाही तर तेही वाचून दाखवू. आणि तोवर प्रत्येकाने एवढे पाळावे: गल्ली, दवाखान्याचे दार आणि बंबाची वाट अडवून गाडी लावायची नाही, आणि पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.