एकांताला माणसं लागतात

कलावंताला एकांत लागतो, हे कुणी ठरवलं ठाऊक नाही; पण ज्यानं ठरवलं त्याला दोन्ही वेळचं गरम जेवण पानावर मिळत असणार, हे मी छातीठोकपणे सांगतो.

आमच्या ओळखीच्या तीन चित्रकारांनी आणि एका कवीनं मला आजवर विचारलंय, "तुमच्या कोकणात समुद्राकाठचं एखादं आडबाजूचं गाव सुचवा हो. कुणी म्हणजे कुणी नको." कुणी नको म्हणजे नेमकं कोण नको, याची मी चौकशी केली. निष्पन्न असं झालं की, मासे आणणारा हवा, ते साफ करून तळणारी हवी, आंघोळीचं पाणी तापवून देणारं कुणी असलं तर उत्तम, आणि कपड्यांची सोय झाली तर दुधात साखर. एवढा लवाजमा माझ्या मुंजीतही नव्हता!

या मंडळींचं कुलदैवत म्हणजे गोगँ. पॅरिसच्या शेअरबाजारातली नोकरी सोडून हा गृहस्थ चित्रकार झाला, आणि पाच मुलं पदरात घेऊन बायको कोपनहेगनला फ्रेंचच्या शिकवण्या करू लागली. ब्रिटनीतल्या पाँतावेन गावी चित्रकारांची फार गर्दी झाली, म्हणून १८८९ साली तो जवळच्याच ल पुल्दू या किनाऱ्यावरच्या गावी गेला आणि मारी आँरी नावाच्या बाईच्या खाणावळीत उतरला. एकांतासाठी! बरोबर द हान नावाचा डच चित्रकार होता. राहण्याजेवणाचे पैसे तोच भरायचा. मागाहून सेरुझिए आला, फिलिजे आला. चौघांत मिळून एक एकांत.

त्यांनी खाणावळीच्या जेवणघराच्या भिंती रंगवल्या. कलेच्या इतिहासात त्या भिंतींना फार मान आहे. मारीच्या कडेवर तेव्हा तान्ही मुलगी होती, आणि द हाननं तिचं मुलीला पाजतानाचं चित्रही काढलंय. चार पुरुषांची खरकटी उचलतानाचं चित्र मात्र सुचलं नसावं. १८९० साली गोगँ गेला, त्याची चित्रं तिथंच राहिली. १८९४ साली ती परत मागायला आला, तेव्हा बाईनं दिली नाहीत. गडी कोर्टात गेला आणि हरला. रसिकांना याचं वाईट वाटतं. मला नाही वाटत. मी तिथं असतो तर आमच्या मामीच्या वतीनं त्या न्यायाधीशाला नारळ दिला असता.

कारण वेंगुर्ल्याकडच्या आमच्या मामीकडे असाच एक चित्रकार दीड महिना राहून गेला. पहिल्या दिवसापासून तिला 'आई' म्हणायचा, त्यामुळे बिलाचा प्रश्नच मिटला. पहाटे एकटाच किनाऱ्यावर जाऊन बसला, तर रापण ओढायला चाळीस माणसं हजर. त्यातल्या निम्म्यांनी विचारलं, "खंयसून इलात? एकटेच? घरात कोण कोण आसत?" मग त्यानं मागच्या पडवीत मुक्काम हलवला. तिथं रहाटाच्या कुरकुरीनं त्याची तंद्री मोडायची. म्हणून मामीनं वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शेजारच्या विहिरीवरून कळशीनं पाणी आणलं. पुढं मुंबईत प्रदर्शन झालं. चित्रात माड होते, पडवी होती, रहाटसुद्धा होता. मामी नव्हती. चित्राचं नाव 'निर्जन'.

आणि ही शांतता तरी आली कुठून? मामीच्या वाडीत अकरा घरं, त्यातल्या सात घरांना कुलपं. इथली मुलं पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली, घरं मनिऑर्डरीवर चालली. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी माणसं काही परत आली नाहीत. येऊन करणार काय? पोटासाठी माणसं निघून गेली की मागं जे उरतं, त्याला चित्रकार निसर्गरम्य शांतता म्हणतात. मामी नुसतं 'ओसाड' म्हणते. गणपतीत ती सात कुलपं निघतात, पोरं अंगणात बोंबलत सुटतात, रेडिओ आणि आरत्या एकाच वेळी चालू असतात, तेव्हा तिचा चेहरा कुणी रंगवावा.

हल्ली कुणी गाव विचारलं की पत्ता मी देतो, पण दर आधी सांगतो. खोलीचे वेगळे, जेवणाचे वेगळे आणि शांततेचे वेगळे. शांततेचा दर ऐकून मंडळी दचकतात. मी तरी काय करू? ती तयार करायला मामीला दोन मुलगे डोंबिवलीला पाठवावे लागलेत.