मशीन हिरवं दाखवतंय, पण गाडी ट्रॅकवर चाललीय!



व्हील अलाइनमेंटचं दुकान टाकणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, मशीन कुठलं घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. मशीन शेजारच्याकडेही असतं. गिऱ्हाईक टिकतं ते तुमच्या समजुतीवर. ती पारखायची असेल तर ट्रॅक डेची गाडी बघा.

चेन्नईजवळचं मद्रास सर्किट असो की कोइमतूरचा करी स्पीडवे, हौशी लोक रोजचीच गाडी तिथे पळवतात. अशी गाडी आली की अनेक जण स्क्रीनवरचे आकडे हिरवे करतात आणि बिल फाडतात. पण तो हिरवा रंग रस्त्यासाठी आहे! वळणात गाडी झुकते, बाहेरचं चाक कलतं आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. ग्रिप जाते, कडही झिजते. म्हणून पुढे निगेटिव्ह कॅम्बर वाढवायचा. रोज वापरायच्या गाडीला दीड अंशाच्या आसपास, निव्वळ ट्रॅकच्या गाडीला २ ते ३ अंश.

बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅम्बर हलवायची सोयच नसते, कॅम्बर बोल्ट टाकावे लागतात. आणि कॅम्बर बदलला की टो बदलतो. तो पुन्हा जुळवला नाही तर टायर लवकर खाल्ला जातो आणि नाव तुमचं जातं.

हवेचंही तसंच. थोड्या फेऱ्यांत टायर तापतो, प्रेशर वाढतं. म्हणून गरम टायर मोजून हवा कमी करायला शिकवा. साधी युक्ती सांगा: टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा. ती साइडवॉलपर्यंत पुसली तर हवा कमी, खांद्यावर तशीच राहिली तर जास्त. घरी निघताना, टायर थंड झाल्यावर, हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरायची.

यावर अख्खं दुकान चालेल का? नाही. पोट रोजच्या अलाइनमेंटवरच भरणार. पण आधीचे-नंतरचे आकडे छापून द्या. कंपनीच्या मापाबाहेर मुद्दाम काय ठेवलंय ते लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. नट टॉर्क रेंचनेच आवळा. या कामाचे वेगळे पैसे बिनधास्त मागा.

कारण ताशी १४० वर ब्रेक मारणारा माणूस तुमच्या मशीनवर नाही, तुमच्या हातावर भरवसा ठेवून बसलेला असतो. त्या भरवशाला कर्ज काढावं लागत नाही. तो आधी कमवा, महागडं मशीन नंतर घ्या.